घास कोणी भरवायचा? अरुणा शानबाग खटला आणि कायद्याला न दिसलेली परिचारिका

१.
दिनांक ७ मार्च २०११. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाने एक निकाल दिला आणि मुंबईत, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात, परिचारिकांनी मिठाई वाटली. कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत हा निकाल भारतात निष्क्रिय दयामरणाला प्रथम मान्यता देणारा म्हणून शिकवला जातो. परिचारिकांना आनंद झाला होता तो मात्र दयामरणाची मागणी फेटाळली गेली म्हणून. एकाच निकालपत्रातून या दोन गोष्टी कशा निघाल्या, आणि त्या निकालाने शुश्रूषा करणाऱ्या माणसाला कोणते स्थान दिले, हा आजच्या धाग्याचा विषय आहे. 🧵

२.
प्रारंभीच सांगते : धाग्यात हिंसा, दीर्घ आजार आणि मृत्यू यांचा उल्लेख आहे. ज्यांना आज हे वाचणे जड जाईल त्यांनी नंतर वाचावे.

तसेच दोन शब्द निश्चित करून घेऊ. रुग्णाला विषारी औषध टोचून मृत्यू घडवणे हे सक्रिय दयामरण. ते भारतात गुन्हाच आहे. ज्या उपचारांनी केवळ मरण लांबते ते न देणे किंवा थांबवणे हे निष्क्रिय दयामरण. वृत्तपत्रांत दोहोंसाठी सरसकट 'इच्छामरण' लिहिले जाते. या खटल्यात तो शब्द विशेष फसवा आहे, कारण जिच्या मरणाची चर्चा चालली होती तिची इच्छा कोणालाच ठाऊक नव्हती.

३.
अरुणा रामचंद्र शानबाग. जन्म १ जून १९४८, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूर. मुंबईला येऊन परिचारिका झाली आणि के.ई.एम.मध्ये रुजू झाली. रुग्णालयातीलच एका डॉक्टरशी तिचा विवाह ठरला होता. २७ नोव्हेंबर १९७३च्या संध्याकाळी काम संपवून तळघरात कपडे बदलण्यास गेली असता तेथील एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. कुत्र्याला बांधण्याच्या साखळीने तिचा गळा आवळला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेशुद्धावस्थेत सापडली. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला होता. त्या वेळी ती २५ वर्षांची होती.

४.
हल्लेखोरावर खटला चालला तो खुनाचा प्रयत्न आणि लूट या आरोपांखाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप गुन्ह्यात आलाच नाही. सात वर्षांची शिक्षा भोगून तो सुटला. मुंबईच्या परिचारिकांनी त्या वेळी संप केला. अरुणाला योग्य उपचार मिळावेत आणि परिचारिकांना कामाच्या जागी सुरक्षितता मिळावी, या त्यांच्या मागण्या होत्या. हा संप ध्यानात ठेवावा. अरुणाच्या पुढील आयुष्याचा प्रश्न प्रथम रस्त्यावर आणला तो तिच्या सहकाऱ्यांनी. न्यायालयात तो पोहोचण्यास अजून ३६ वर्षे होती.

५.
यानंतर अरुणा वॉर्ड क्रमांक चारलगतच्या एका लहान खोलीत राहिली. दृष्टी गेलेली, वाचा गेलेली, हातपाय आखडलेले. आईवडील कालांतराने निवर्तले, इतर आप्तांचा संबंध उरला नाही. तिला पुसणे, भरवणे, केस कापणे, कूस बदलणे ही कामे परिचारिकांकडे आली आणि त्यांच्याकडेच राहिली. १९८०च्या दशकात महापालिकेने ती खाट रिकामी करून तिला अन्यत्र हलवण्याचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा परिचारिका आडव्या उभ्या राहिल्या आणि महापालिकेला माघार घ्यावी लागली.

६.
एक परिचारिका निवृत्त होई आणि दुसरी येई. १९९० नंतर रुजू झालेल्या मुलींनी अरुणाला चालता-बोलताना कधी पाहिलेच नव्हते. तरीही पाळीगणिक खोलीचा ताबा दिला जात होता. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला ही गोष्ट विलक्षण वाटते. राजघराण्यांची वा मठांची परंपरा नोंदवायला बखरी असतात, सनदा असतात. ही परंपरा चालली ती ड्यूटीच्या तक्त्यावर, आणि तिची सर्वांत ठळक नोंद शेवटी एका न्यायालयीन निकालात सापडते.

७.
आता त्याच दशकातील दुसरे दृश्य पाहू. नोव्हेंबर १९८२, वर्ध्याजवळचे पवनार. ८७ वर्षांच्या विनोबा भाव्यांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न, पाणी आणि औषध घेणे नाकारले. १५ नोव्हेंबरला त्यांनी देह ठेवला. देशभर आदर व्यक्त झाला, काहींनी आक्षेपही घेतले. परंतु एक प्रश्न कोणासही पडला नाही : हा निर्णय कोणाचा? विनोबा शुद्धीवर होते आणि त्यांचा नकार त्यांचाच होता. अरुणाच्या खोलीत नेमकी हीच गोष्ट नव्हती. नकार देणारा नव्हता, होकार देणाराही नव्हता. होती फक्त भरवणारी.

८.
कायदा त्या काळी वेगळ्याच वाटेने चालला होता. १९८६ साली मारुती श्रीपती दुबळ या मुंबईच्या पोलीस शिपायाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा देणारे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले. जगण्याच्या हक्कात न जगण्याचा हक्कही येतो, असा त्यामागील युक्तिवाद होता. १९९४ मध्ये पी. रथिनम खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तोच कौल दिला. दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो रद्द केला.

९.
ग्यान कौर निकालाने 'मरण्याचा हक्क' नाकारला. परंतु त्याच निकालात एक फट शिल्लक राहिली. मृत्यूची नैसर्गिक प्रक्रिया सुरू झालेली असेल तर सन्मानाने मरणे हा सन्मानाने जगण्याचाच भाग मानता येईल, असे न्यायालय म्हणाले. पुढील सारे कायदेशीर बांधकाम या फटीतून उगवले आहे. लक्षात घ्यावे की येथवरच्या चर्चेत दोनच पात्रे आहेत : व्यक्ती आणि राज्यसंस्था. खाटेशेजारी उभे असलेले तिसरे माणूस अजून कोठेच आलेले नाही.

१०.
इंग्लंडमध्ये हे तिसरे माणूस डॉक्टरच्या रूपाने आले. १९८९च्या हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीत टोनी ब्लँड या तरुणाच्या मेंदूला कायमची इजा झाली. तो स्वतः श्वास घेत होता, अन्न मात्र नळीने दिले जात होते. १९९३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की नळीने अन्न देणे हा वैद्यकीय उपचार आहे, आणि ज्या उपचाराने रुग्णाचे काही हित साधत नाही तो डॉक्टर थांबवू शकतात. ब्लँडचे आईवडील आणि डॉक्टर यांचे एकमत होते. पुढे भारतीय न्यायालयासमोर हाच निकाल सर्वाधिक चर्चिला गेला.

११.
ब्लँड निकालातील गाभ्याचा प्रश्न असा : अन्न हा उपचार आहे की शुश्रूषा? उपचार म्हटले तर तो डॉक्टरांच्या अखत्यारीत जातो आणि थांबवता येतो. शुश्रूषा म्हटले तर ती थांबवणे म्हणजे माणसाला उपाशी ठेवणे. वरकरणी हा शब्दांचा खेळ वाटेल. प्रत्यक्षात रुग्णालयातील कामाची वाटणी याच रेषेवर झालेली असते. औषध लिहून देतो तो डॉक्टर, घास भरवते ती परिचारिका. रेषा कोठे ओढायची यावर निर्णय कोणाच्या हाती जाणार हे अवलंबून असते.

१२.
भारतात हा प्रश्न आणला पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी. १९९८ साली त्यांनी अरुणावर पुस्तक लिहिले. (मराठी रंगभूमीवर दत्तकुमार देसाई यांचे 'कथा अरुणाची' हे नाटकही याच घटनेवरचे.) २००९ मध्ये त्यांनी अरुणाच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यांचे म्हणणे असे की अरुणाचे शरीर झिजून गेले आहे, तिला जाणीव उरलेली नाही, हे जगणे सन्मानाचे नाही. तेव्हा तिला भरवणे थांबवावे आणि शांतपणे जाऊ द्यावे. या मागणीमागे क्रौर्य होते असे मानणे अन्यायाचे होईल. अरुणाचे नाव विस्मरणातून बाहेर काढणाऱ्यांत विराणी अग्रभागी होत्या.

१३.
न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये मुंबईतील तीन डॉक्टरांची समिती नेमली : टाटा रुग्णालयाचे डॉ. दिवाटिया, हिंदुजाचे डॉ. गुरसहानी आणि शीव रुग्णालयाचे डॉ. शहा. त्यांचा अहवाल निकालपत्रात विस्ताराने आला आहे. अरुणा मेंदूमृत नाही आणि कोमातही नाही, परंतु कायमस्वरूपी अचेतन अवस्थेचे बहुतेक निकष तिला लागू पडतात, असे त्यांचे निदान होते. हा झाला वैद्यकीय भाग. मला त्या अहवालात अधिक मोलाचे वाटते ते परिचारिकांकडून ऐकून लिहिलेले तपशील.

१४.
तिला मासळीचे सूप आवडते. खोलीत माणसांची गर्दी झाली की ती आवाज करू लागते आणि माणसे कमी झाली की शांत होते. सप्टेंबर २०१० पर्यंत ती मऊ केलेले अन्न तोंडाने घेत असे. मलेरिया झाल्यावर खाणे नकोसे झाले आणि नाकातून नळी घालावी लागली. वैद्यकशास्त्र या प्रतिक्रियांना प्रतिक्षिप्त क्रिया म्हणू शकते. रोज भरवणारी स्त्री त्यांना आवडनिवड म्हणते. न्यायालयाच्या कागदपत्रांत ही दोन्ही ज्ञाने शेजारी शेजारी बसली आहेत, हे या खटल्याचे वेगळेपण.

१५.
ब्लँड आणि अरुणा यांच्यातील फरक येथे उघड होतो. अरुणाला कृत्रिम श्वासाचे यंत्र कधी लावलेलेच नव्हते. ती अनेक वर्षे वाटीतून, चमच्याने जेवत होती. मग काढून घ्यायचे ते काय? यंत्र बंद करायला कळ असते. येथे थांबवायचा होता तो एका परिचारिकेचा घास घेऊन पुढे झालेला हात. कायद्याच्या भाषेत 'कृती' आणि 'अकृती' यांतील भेदावर निष्क्रिय दयामरणाचा डोलारा उभा आहे. रोज भरवणाऱ्या व्यक्तीने उद्यापासून न भरवणे ही तिच्या दृष्टीने निव्वळ अकृती ठरेल काय?

१६.
येथे थोडे खासगी. माझी मावशी ३० वर्षे परिचारिका होती. प्रबंधिकेसाठी हा निकाल वाचत असताना मी उत्साहाने तिला सगळा युक्तिवाद समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "ते सगळं खरं गं. पण समजा कोर्टाने हो म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या ड्यूटीला जी असती तिने काय करायचं होतं? वाटी घेऊन जायचंच नाही? की जाऊन नुसतं बसायचं?" मजजवळ उत्तर नव्हते. निकालपत्र पुन्हा उघडले. हा प्रश्न तेथेही कोणी विचारलेला नव्हता.

१७.
निकाल न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यान सुधा मिश्रा यांचा. त्याचा आरंभ गालिबच्या शेराने होतो. निकालाचे दोन भाग आहेत. पहिला : संसद कायदा करीपर्यंत निष्क्रिय दयामरणास परवानगी देता येईल, परंतु प्रत्येक प्रकरणी उच्च न्यायालयाची मान्यता लागेल; किमान दोन न्यायमूर्तींचे खंडपीठ तीन डॉक्टरांच्या समितीचे मत घेऊन ठरवील. आप्तांनी संपत्तीच्या लोभाने गैरवापर करू नये, ही त्यामागील चिंता निकालात स्पष्ट लिहिली आहे.

१८.
दुसरा भाग आपल्या विषयाचा. अरुणा स्वतः बोलू शकत नाही, तर तिच्या वतीने कोणी बोलायचे? कायद्यात अशा व्यक्तीला वादमित्र म्हणतात : जो स्वतः वाद चालवू शकत नाही त्याच्या वतीने उभा राहणारा. विराणींनी तो अधिकार सांगितला होता. न्यायालयाने त्यांच्या तळमळीचा आदर केला, परंतु अधिकार दिला तो के.ई.एम.च्या डॉक्टर-परिचारिकांना. इतकी वर्षे अहोरात्र ज्यांनी तिला सांभाळले तेच तिचे खरे आप्त, असा त्यामागील तर्क. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते : तिला जगू द्यावे.

१९.
हे किती असामान्य आहे पाहा. वारसा, विवाह, रक्त यांवर नाते मोजणाऱ्या कायद्याने येथे शुश्रूषेवर नाते मोजले. ३७ वर्षांत अरुणाला एकही शय्याव्रण झाला नाही, याचा निकालपत्रात गौरवाने उल्लेख आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर त्वचा फाटते. एकही व्रण नसणे म्हणजे दिवसा-रात्री, सणासुदीला, पुराच्या दिवशीही कोणी तरी ते काम केले. एका निवृत्त परिचारिकेने पगार किंवा प्रवासखर्चही न घेता अरुणाची सेवा करण्याची तयारी दाखवली होती; तेही निकालात नोंदले आहे.

२०.
परंतु येथे थांबून टीकेचा सूरही ऐकला पाहिजे. सांभाळणाऱ्याचे प्रेम आणि सांभाळल्या जाणाऱ्याचे हित या दोन गोष्टी नेहमी एक असतात काय? ज्या परिचारिकांनी पिढ्यानपिढ्या तिला जपले, त्यांच्यासाठी अरुणा ही आपल्या सेवेची साक्ष झाली होती. १९७३च्या संपाची ती आठवण होती. तिला जाऊ देणे म्हणजे तो सारा इतिहास सोडून देणे. अशा माणसांना निर्णय देणे योग्य काय, हा प्रश्न रास्त आहे. न्यायालयानेही अंतिम शब्द स्वतःकडे ठेवला : परिचारिकांचे मत पुढे बदलले तर त्यांनीही मुंबई उच्च न्यायालयाकडेच जावे, असे निकालात म्हटले आहे.

२१.
ते मत बदलले नाही. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाचे निधन झाले. हल्ल्यानंतर सुमारे साडेएक्केचाळीस वर्षांनी. अंत्यदर्शनासाठी परिचारिकांची रांग लागली होती. तिच्यावर दयामरणाचा प्रयोग झाला नाही, तरी तिच्या नावाच्या खटल्याने देशातील इतरांसाठी ती वाट खुली केली. या विरोधाभासावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामुळे झाकोळलेला प्रश्न वेगळा आहे : त्या निकालाने परिचारिकांना दिलेले स्थान पुढे टिकले काय?

२२.
९ मार्च २०१८. 'कॉमन कॉज' या संस्थेने २००५ साली केलेल्या याचिकेवर सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. सन्मानाने मरण्याचा हक्क हा अनुच्छेद २१चा भाग ठरला. २०११च्या खंडपीठाने ग्यान कौर निकालाचे वाचन चुकीचे केले होते, असेही सांगितले गेले. आणि आगाऊ वैद्यकीय निर्देशास, म्हणजे शुद्धीवर असतानाच 'माझ्यावर अमुक उपचार करू नयेत' असे लिहून ठेवण्यास, मान्यता मिळाली. विनोबांच्या हाती जे होते ते सामान्य माणसास कागदावर देण्याचा हा यत्न होता.

२३.
प्रक्रिया मात्र इतकी क्लिष्ट होती की ती अमलात येणे दुरापास्त. निर्देशावर न्यायदंडाधिकाऱ्यांची स्वाक्षरी हवी. मंडळावरील डॉक्टरांना २० वर्षांचा अनुभव हवा. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सुलभ केली. आता दोन साक्षीदारांसमक्ष नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे निर्देश करता येतो. रुग्णालयाने तीन डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ नेमायचे, त्यावर तीन डॉक्टरांचे दुय्यम मंडळ. अनुभवाची अट ५ वर्षे. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे. आप्तांची संमती घ्यायची आणि अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचे.

२४.
आता या रचनेत मोजून पाहा. सहा डॉक्टर. आप्त. साक्षीदार. नोटरी. न्यायदंडाधिकारी. निर्देश जपून ठेवणारा स्थानिक स्वराज्य संस्थेचा अधिकारी. परिचारिका एकही नाही. २०१८च्या निकालात मंडळावरील तज्ज्ञांच्या शाखा दिल्या आहेत : सामान्य वैद्यक, हृदयरोग, मज्जाविज्ञान, मूत्रपिंडविकार, मनोविकार, कर्करोग. शुश्रूषाशास्त्र ही ज्ञानशाखा त्या यादीत नाही. ज्या देशात या विषयाचा कायदा एका परिचारिकेच्या नावाने आणि परिचारिकांच्या साक्षीवर जन्मला, त्या देशातील ही यादी आहे.

२५.
असे का झाले असावे? माझे मत मांडते. मतभेद जरूर नोंदवावेत. २०११ मध्ये न्यायालयाला परिचारिका दिसल्या त्या आप्त म्हणून : त्याग करणाऱ्या, माया करणाऱ्या, बहिणीसारख्या. 'सिस्टर' या शब्दात जे अभिप्रेत असते तेच. रुग्णाची वेदना, गिळण्याची क्षमता, त्रासाची चिन्हे यांचे प्रशिक्षित ज्ञान असलेल्या व्यावसायिक म्हणून त्यांच्याकडे पाहिले गेले नाही. मायेचा गौरव करता येतो, तिला मंडळावर जागा द्यावी लागत नाही. अरुणाच्या खटल्यात दुसरे आप्त नव्हते म्हणून ती जागा परिचारिकांना मिळाली. जेथे आप्त असतील तेथे ती आपोआप गेली.

२६.
यातून प्रत्यक्ष अडचणी उभ्या राहतात. उपचार थांबवण्याचा निर्णय झाल्यावर खाटेजवळ उरते ती परिचारिका. नळी काढल्यानंतर तोंड ओले ठेवणे, वेदनाशामक वेळेवर देणे, श्वासाची घरघर ऐकून घाबरलेल्या मुलाला धीर देणे हे काम तिचे. उपचार थांबतात तेव्हा शुश्रूषा वाढते. तिला निर्णयामागील कारणे सांगितली गेली नसतील, तर आपण रुग्णाला मारत आहोत की जाऊ देत आहोत, या प्रश्नाशी ती एकटीच झुंजते. आणि तिच्या विवेकाला हा निर्णय पटला नाही, तर ते तिने कोणत्या मंडळापुढे सांगायचे?

२७.
आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने २०२१ मध्ये आपली नीतिसंहिता सुधारली. आरोग्यवर्धन, आजारप्रतिबंध, आरोग्याची पुनःस्थापना आणि दुःखनिवारण या जुन्या कर्तव्यांच्या जोडीला सन्मान्य मृत्यूसाठी साह्य करणे हे कर्तव्य तेथे स्पष्ट शब्दांत आले. म्हणजे व्यवसायाने जबाबदारी पत्करली आहे. कायद्याने त्या जबाबदारीसोबत येणारा आवाज अजून दिलेला नाही. मंडळावर किमान एक अनुभवी परिचारिका असावी, किंवा निदान तिचे लेखी निरीक्षण मंडळापुढे यावे, ही मागणी मला तरी अवाजवी वाटत नाही.

२८.
इतिहास वाचताना आपण निकालांच्या तारखा पाठ करतो : १९८६, १९९४, १९९६, २०११, २०१८, २०२३. या तारखांच्या मागे परळच्या एका खोलीत हजारो साध्या दिवसांची दुसरी कालरेषा आहे. मावशीला मी अलीकडेच पुन्हा विचारले की तिच्या प्रश्नाचे तिचे स्वतःचे उत्तर काय. ती म्हणाली, "मी वाटी घेऊन गेले असते. तिने तोंड उघडलं असतं तर भरवलं असतं. नसतं उघडलं, तर ओठ पुसून बसले असते. पण हे मला आधी कोणीतरी विचारायला हवं होतं ना?"

धागा समाप्त.